"एलिजिबल नाही दाखवायलंय, ताई"

नवी पेठेत गांजवे चौकातून शास्त्री रोडकडे चालायला लागलं की अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकानं आणि झेरॉक्स हे चारच धंदे दिसतात, त्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात आतल्या बाजूला दोन कॉम्प्युटर आहेत, तिथे मी बसते. बोर्डावर 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' एवढंच लिहिलंय पण काम त्याच्या बरंच पलीकडचं असतं. फोटोची साइज बसत नाही, सही अपलोड होत नाही, पासवर्ड आठवत नाही, ओटीपी गावाकडच्या नंबरवर जातोय आणि वडील शेतात आहेत, फोन घरी चार्जिंगला लावलाय, असं सगळं. याआधी मी खराडीत एका कंपनीत सपोर्टला होते, बाहेरच्या देशातल्या लोकांच्या अकाउंटच्या तक्रारी चॅटवर सोडवायच्या, त्यामुळे कुठलंही अकाउंट उघडलं की आधी कुठे बघायचं हे हाताला माहिती झालंय. इथे फरक एवढाच की माणूस समोर स्टुलावर बसलेला असतो, आणि मला तेच आवडतं, कारण चॅटवर कळत नाही की समोरच्याचं किती अडलंय.

2025 पासून यात एआयच्या प्रो प्लॅनचं, म्हणजे एरवी पैसे भरून घ्यायच्या व्हर्जनचं, काम वाढलं. जुलै 2025 मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी नावाच्या एआयचं प्रो वर्षभरासाठी फुकट द्यायला सुरुवात केली, मग 30 ऑक्टोबरला जिओची गूगल एआय प्रोची घोषणा झाली, अठरा महिने फुकट, कंपनीच्या हिशेबाने 35,100 रुपयांचा माल, आणि लगेच 4 नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो पण वर्षभर फुकट, जो एरवी तेव्हा महिन्याला 399 रुपयांचा होता. आठवड्याभरात दोन मोठ्या ऑफर म्हणल्यावर आमच्याकडे रांग लागणारच होती. आणि इथल्या पोरांना हे हौस म्हणून नकोय हे मी रोज बघते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे आता गोल काळे करून भागत नाही, उत्तरं लिहावी लागतात, आणि लिहिलेलं उत्तर तपासणार कोण? टेस्ट सिरीजला पैसे लागतात. मग पोरं वहीत उत्तर लिहितात, फोटो काढतात, एआयला दाखवतात आणि विचारतात की यात काय राहिलं, कुठे पाल्हाळ झालाय, दहा मार्कांच्या उत्तराला किती द्याल. नोट्सच्या पीडीएफ गूगलच्याच नोटबुकएलएम नावाच्या एआयमध्ये टाकून त्यावर प्रश्न काढून घेतात. फुकट व्हर्जनमध्ये लिमिट लवकर संपतं. गूगलचा तो प्लॅन विकत घ्यायचा म्हणलं तर तेव्हा महिना 1,950 रुपये होते, मेसचं अर्ध्याहून जास्त बिल. कुठून आणणार?

बहुतेक केस पाच मिनिटांत सुटतात. मोबाईलमध्ये तीन-तीन अकाउंट असतात आणि क्लेम करताना कॉलेजचा आयडी निवडलेला असतो, तो कॉलेजच्या अ‍ॅडमिनच्या ताब्यातला, त्यावर पर्सनल प्लॅन बसत नाही. नाहीतर अकाउंट शाळेत असताना मोठ्या भावाने काढून दिलेलं असतं, जन्मतारीख काहीतरी ठोकून दिलेली, आणि त्या हिशेबाने पोरगा अजून पंधरा वर्षांचा, प्लॅनला अठरा पूर्ण लागतात. नाहीतर जिओचा रिचार्ज अनलिमिटेड 5जीचा नसतो. किंवा अर्धवट ऐकलेलं असतं, सुरुवातीला ती ऑफर 18 ते 25 वयाच्यांनाच होती, नोव्हेंबरमध्ये सगळ्या अनलिमिटेड 5जीवाल्यांना खुली केली, तर 27 वर्षांची पोरं आपल्याला नाहीच म्हणून बसलेली. एकदा कारण कळलं की झालं. अडचण ही की स्क्रीनवर एकच ओळ येते, हे अकाउंट पात्र नाही, आणि त्या एका ओळीमागे दहा वेगवेगळी कारणं असू शकतात, म्हणून मी आधी बटणं दाबत नाही, आधी विचारते. अकाउंट कधी काढलं, कुणी काढलं, पासवर्ड तुझ्याशिवाय कुणाला माहितीय.

डिसेंबरातला गुरुवार होता. साडेबाराच्या सुमारास एक मुलगा आला, नाव बदलून संतोष म्हणते, जिंतूरकडचा, तीन वर्षं पुण्यात, समोरच्याच गल्लीतल्या अभ्यासिकेत बसतो. हॉल तिकिटं प्रिंट करायला यायचा म्हणून चेहरा ओळखीचा.

"ताई, जिओतून प्रो घ्यायलोय तर एलिजिबल नाही दाखवायलंय. दोन दिवस झाले करून बघायलो. नवीनच अकाउंट काढून टाकू का? दोस्त म्हणाला नव्यावर लगेच होतंय."

हे नवीन अकाउंटचं सगळेच म्हणतात आणि मी सगळ्यांना थांबवते. होतंही असेल नव्यावर. पण प्लॅन ज्या अकाउंटवर बसला तिथेच राहतो, नंतर उचलून जुन्यावर ठेवता येत नाही, आणि याच्या नोट्स, याची लोकसेवा आयोगाकडची नोंदणी, बँक, सगळं जुन्या आयडीवर. पुढे अठरा महिने दोन अकाउंटात हेलपाटे घालत बसायचं आणि परीक्षेच्या आधी नेमकं काय कुठे ठेवलं ते सापडायचं नाही. शिवाय जुन्यात नक्की काय बिघडलंय ते न बघताच उठून जायचं मला पटत नाही. त्याला म्हणलं बस, पाणी पी, आणि लॅपटॉप असेल तर आण. लॅपटॉप त्याच्या बॅगेतच होता.

जन्मतारीख बघितली, 2000 सालची, बरोबर. अकाउंट पर्सनल, साधं जीमेल. सिम वडिलांच्या नावावर पण नंबर याच्याच फोनमध्ये आणि रिचार्ज 5जीचा चालू. इथपर्यंत सगळं ठीक. मग सहज जीमेलचा टॅब उघडला आणि तिथे माझी नजर अडकली. सगळ्यात वरचा मेल आठ दिवसांपूर्वीचा. प्रमोशनच्या टॅबमध्ये गेले, तिथेही आठ दिवसांपूर्वीचाच. आता कुणाच्याही प्रमोशनमध्ये रोज दहा-वीस मेल पडतात, कपड्यांचे, क्लासचे, नोकरीच्या साइटचे, कुणी वाचत नाही पण पडतात. आठ दिवस एकसुद्धा नाही म्हणजे कुणी मेल पाठवत नव्हतं असं नाही, आत येतच नव्हते. वर लाल पट्टी होतीच, स्टोरेज भरलंय म्हणून. त्याला विचारलं ही कधीपासून आहे, तर म्हणाला, "ते तर सगळ्यांच्याच मोबाईलला येतंय ताई, मी पुसून टाकलं."

मी दुकानाच्या आयडीवरून त्याला एक रिकामा मेल पाठवला. मिनिटभरात परत आला, समोरच्याचा इनबॉक्स भरलेला आहे, मेल पोचला नाही. तो स्क्रीनवर बघत होता. मी विचारलं, "संतोष, या आठवड्यात कुठून मेल यायचा होता का?"

तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, चाकणला एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला होता, घरी सांगितलेलं नाही, अभ्यासिकेत पण नाही. सोमवारी फोन आला होता की सिलेक्शन झालंय, कागदपत्रांची लिंक मेलवर पाठवतो, गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरा. मेल आला नाही म्हणून त्याला वाटलं त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं असणार. आणि विचारायचं कसं म्हणून फोन केला नव्हता. तीन दिवस तो हे मनात घेऊन अभ्यासिकेत बसला होता, आणि मन रमवायला म्हणून प्रो प्लॅनच्या मागे लागला होता, हे त्याने नंतर सांगितलं.

मी म्हणलं प्लॅन राहू दे बाजूला, आधी फोन लाव. तो नको म्हणायला लागला, ताई बरं दिसत नाही, त्या मॅडम चिडतील. मी म्हणलं आत्ता एक वाजलाय, त्यांची जेवणाची सुट्टी व्हायच्या आत लाव, आणि एवढंच बोल की माझा मेलबॉक्स भरला होता, दुसऱ्या आयडीवर पाठवता का. दुकानात गर्दी होती म्हणून तो बाहेर पायरीवर जाऊन बोलला. मी काचेतून बघत होते. दोन मिनिटांनी आत आला तर त्याचा चेहराच वेगळा. मॅडम म्हणाल्या होत्या की आमचा मेल दोनदा परत आला, आम्हाला वाटलं तुम्ही आयडी चुकीचा दिलात, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकते, पाचच्या आत भरा. लिंक आलीसुद्धा. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याला बसवलं, मार्कशीट आणि पॅन स्कॅन करून दिलं, पावणेतीनला सबमिट झालं. त्याची पावती आम्ही लगेच प्रिंट काढून ठेवली.

मग मूळ प्रश्नाकडे आलो, पंधरा जीबीच्या अकाउंटात एवढं भरलं काय आणि कधी. स्टोरेजच्या पानावर आकडा होता 47 जीबी. पंधरामध्ये सत्तेचाळीस बसतातच कसे? याचा अर्थ मधे कधीतरी याच्याकडे मोठं स्टोरेज होतं आणि ते गेलं. मी विचारलं, आधी कुठला प्लॅन घेतला होतास का. थोडा वेळ घुटमळला, मग सांगितलं. ऑक्टोबरात, म्हणजे जिओची ऑफर यायच्या आधी, अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डाशेजारी कुणीतरी क्यूआर कोड चिकटवला होता, टेलिग्राम चॅनलचा, 'प्रो अ‍ॅक्टिव्हेशन, एक वर्ष, 499 मध्ये'. याने पैसे टाकले. पलीकडच्याने जीमेल आयडी आणि पासवर्ड मागितला. याने दिला. मोबाईलवर 'हे तुम्हीच आहात का' असं आलं, याने हो दाबलं. अर्ध्या तासात प्रो चालू झालं, दोन टीबी स्टोरेज पण दिसायला लागलं. मग काय, क्लासचे रेकॉर्ड केलेले लेक्चर, वह्यांचे फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं ड्राइव्हवर चढवलं आणि मोबाईल मोकळा केला.

हे 499 वालं कसं चालतं ते मला माहिती होतं कारण खराडीत असल्या केस यायच्या. गूगलचा प्लॅन घेणारा माणूस आपल्या फॅमिली ग्रुपमध्ये आणखी पाच जणांना घेऊ शकतो, स्टोरेज आणि प्रोच्या सोयी त्यांना पण मिळतात. ही सोय घरच्यांसाठी आहे, आई, बाबा, भाऊ, बहीण. हे लोक काय करतात, एक अकाउंट काढतात, प्लॅन घेतात, बहुतेकदा ट्रायलवरच, आणि पाच अनोळखी लोकांना कुटुंब म्हणून आत घेतात, प्रत्येकाकडून पैसे. ग्रुपमधल्या सगळ्यांचा देश एकच लागतो, म्हणून आत घेण्याआधी अकाउंटचा देश बदलून घेतात, त्यासाठी पासवर्ड हवा असतो. मग प्लॅन बंद पडला की पाचही जण एकाच दिवशी रस्त्यावर. ज्याचं सामान पंधरा जीबीच्या वर त्याचे मेल बंद, येणारे पण आणि जाणारे पण. दोन वर्षं तसंच राहिलं तर गूगल ते सामान काढूनही टाकू शकतं, जून 2021 पासूनचा नियम आहे तो. आणि परत आलेला मेल जागा झाल्यावर आपोआप आत येत नाही. पाठवणाऱ्याने परत पाठवला तरच.

सगळ्यात आधी त्याचं अकाउंट कुठे-कुठे उघडलेलं आहे ते बघितलं. त्याचा मोबाईल, त्याचा लॅपटॉप, आणि एक विंडोज कॉम्प्युटर जो त्याचा नव्हता. अजून लॉगइन होता. म्हणजे गेले दोन महिने कुणीतरी अनोळखी माणूस याचे मेल, याचे फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, आधारचा स्कॅन, वाटेल तेव्हा उघडून बघू शकत होता. त्याला हे सांगताना मला त्रास झाला. तो काही बोलला नाही, फक्त "बहिणीचे फोटो आहेत त्याच्यात" एवढं म्हणाला. ते डिव्हाइस काढलं, पासवर्ड बदलला, रिकव्हरीला एक परका ईमेल जोडलेला होता तो काढला, त्याचा स्वतःचा नंबर होता तसाच होता हे नशीब, आणि टू स्टेप लावलं, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कुणाला आत येता येत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पण बघितले, कारण कुणी आपले मेल गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवू शकतं आणि पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं. तिथे काही नव्हतं.

मग फॅमिली ग्रुपचं पान. वर मॅनेजर म्हणून कुणीतरी परदेशी नावाचा माणूस, खाली पाच जण. ग्रुपमध्ये असलं की एकमेकांचं नाव, फोटो आणि ईमेल दिसतं. संतोष खाली वाकून बघत होता आणि एकदम म्हणाला, "ताई, हे तर आमच्या हॉलमधले आहेत." दोन नावं त्याच्याच अभ्यासिकेतली. एक त्याच्या मागच्या खुर्चीवरचा. इतके दिवस ते एका कुटुंबात होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं कारण 499 ला घेतलंय हे सांगायची लाज.

ग्रुपमधून त्याला बाहेर काढलं. बाहेर पडण्याआधी त्याला समजावलं की ग्रुप बदलता येतो तो बारा महिन्यांत एकदाच, त्यामुळे पुन्हा कुणाच्या ग्रुपमध्ये जायचं तर विचार करून, उद्या मोठ्या भावाने खरंच घरचा प्लॅन घेतला तर ती संधी जपून ठेव.

तरी ऑफर नाही म्हणतच होती. ते अपेक्षितच होतं. गूगलच्या नियम-अटींच्या पानावर वरच्या बाजूला अकाउंटचा देश लिहिलेला असतो, फार कमी लोकांना माहितीय हे. उघडलं तर तिथे तुर्की. मुलगा जिंतूरचा, बसलाय नवी पेठेत, आणि अकाउंट तुर्कीचं. भारतातल्या सिमवरची भारतातली ऑफर त्यावर कशी बसेल? त्याच पानावरून देश चुकलाय म्हणून कळवायचा फॉर्म मिळतो. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पेच, की त्या फॉर्मचं उत्तर मेलवर येतं आणि मेल तर बंद. म्हणजे क्रम असा, आधी जागा करा, मग मेल सुरू, मग देश, मग ऑफर. उलटीकडून गेलं असतं तर आठवडाभर उत्तराची वाट बघत बसलो असतो.

जागा करायला सगळ्यात वेळ गेला. डिलीट करणं सोपंय पण काय डिलीट करायचं हे मी ठरवू शकत नाही, ते त्याचं. दुकानातली हार्ड डिस्क दिली, म्हणलं आधी सगळं यात उतरव. ड्राइव्हमध्ये स्टोरेजवर क्लिक केलं की फाइल मोठी ते लहान अशा लागतात, त्यात वरच्या चाळीस-पन्नास फाइलींमध्येच तीस जीबी होते, सगळे लेक्चर. ते उतरेपर्यंत मी बाकीची गिऱ्हाइकं केली. लग्नाचा व्हिडिओ उतरल्यावर त्याने तो चालवून बघितला, अगदी शेवटपर्यंत ओढून, आवाज येतोय ना ते बघितलं, तेव्हाच ड्राइव्हवरून काढला. बरोबर केलं त्याने. कॉपी झालं म्हणून डिलीट करणारे आणि नंतर फाइल उघडत नाही म्हणून रडत येणारे पण बघितलेत मी. आणि ट्रॅश रिकामा करायचा, हे सांगावंच लागतं, ट्रॅशमध्ये पडलेलं पण मोजलं जातं, ड्राइव्हचा ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप जातो पण आम्हाला तीस दिवस कुठे होते. एवढं करूनही आकडा लगेच खाली येत नाही, वेळ घेतो. पाच वाजता 47 चे 46 सुद्धा झाले नव्हते. त्याला धीर धर म्हणलं.

चहाच्या वेळी तो त्या दोघांना घेऊन आला. आणि त्यांच्यामागे अजून चौघं. मग दुकानात उभं राहायला जागा नाही म्हणून मालक काकाच म्हणाले, तू जा त्यांच्या अभ्यासिकेत, मी बघतो इथलं. काकांना यातलं फार कळत नाही पण पोरांचं काहीतरी मोठं अडलंय एवढं त्यांना कळलं होतं. अभ्यासिकेच्या बाहेर जिन्यात, बूट-चपलांच्या रॅकपाशी आम्ही बसलो, आत बोलायला मनाई. एकेकाने मोबाईल काढून नियम-अटींचं पान उघडायचं आणि देश वाचायचा. तुर्की. तुर्की. भारत. तुर्की. एकाचा आणखी तिसराच देश. जे तुर्की वाचत होते त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. ही पोरं मेसमध्ये एक डबा दोघांत खातात, 499 रुपये त्यांनी काय काटकसर करून काढले असतील, आणि ज्याने ते घेतले त्याने वर त्यांच्या अकाउंटची किल्ली पण घेतली. मला फार राग आला, आजही येतो. तो क्यूआर अजून नोटीस बोर्डाशेजारी होता. अभ्यासिकेच्या मालकांना बोलावलं, त्यांनीच फाडून काढला, पण आधी त्याचा फोटो काढून ठेवला. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, टेलिग्रामवरचं बोलणं, सगळं जमा केलं आणि त्यातल्या दोघांनी 1930 ला फोन करून सायबरची तक्रार नोंदवली. रक्कम लहान आहे म्हणून कुणी तक्रार करत नाही आणि याच गोष्टीवर तो माणूस जगतोय.

जिन्यात मी प्रत्येकाकडून तीनच गोष्टी करून घेतल्या, परकी डिव्हाइस काढणं, पासवर्ड बदलणं, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तपासणं. प्रो बिरो नंतर. एकजण म्हणाला ताई माझं तर प्रो अजून चालू आहे, मग कशाला बाहेर पडू, संपेल तेव्हा बघू. त्याला म्हणलं तुझं स्टोरेज दाखव. साठ जीबी. ज्या दिवशी तो मॅनेजर प्लॅन बंद करेल त्या दिवशी तुझे मेल बंद, आणि तो दिवस तुझ्या हॉल तिकिटाचा असला तर? तो लगेच बसला सामान उतरवायला.

संतोषचं स्टोरेज दुसऱ्या दिवशी सकाळी पंधराच्या खाली आलं. पहिला मेल आला तो एका नोकरीच्या साइटचा होता, जाहिरातीचा, आणि त्याने मला तो स्क्रीनशॉट पाठवला. त्याच दिवशी देशाचा फॉर्म भरला, काही दिवसांनी उत्तर आलं, देश भारत झाला, आणि मग जिओच्या अ‍ॅपमधून क्लेम केलं तर एका झटक्यात चालू झालं. वडिलांच्या नावाच्या सिमवर, स्वतःच्या जुन्या अकाउंटवर, फुकट. चाकणच्या कंपनीने जानेवारीत बोलावलं. घरी आता सांगितलंय. सकाळी लवकरची शिफ्ट मागून घेतलीय, संध्याकाळी अभ्यासिका सोडलेली नाही.

त्यातल्या एकाचं मात्र झालं नाही अजून. अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा, त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर दोन्ही त्या माणसाने आधीच बदललेले होते, आणि नंबर बदलल्यापासून जुन्या नंबरवर कोड मागवता येतो तो सात दिवसच, ते केव्हाच उलटून गेले होते. त्याला वाटत होतं मोबाईलमधून आपोआप लॉगआउट झालंय, आठवेल पासवर्ड नंतर. त्या आयडीवर त्याच्या तीन वर्षांच्या नोट्स आहेत. आयोगाच्या प्रोफाइलवरचा ईमेल आणि बँकेतला ईमेल आम्ही आधी बदलून घेतला, त्यासाठी दोन खेपा बँकेत माराव्या लागल्या त्याला. अकाउंट परत मिळवायचा फॉर्म नेहमीच्या डिव्हाइसवरून आणि नेहमीच्या जागेवरून भरला तर ओळख पटायची शक्यता जास्त, आणि तो अकाउंट वापरायचा ते गावाकडे घरच्या जुन्या लॅपटॉपवर, तिथल्याच वायफायवर. म्हणून तो येत्या शनिवारी गावी चाललाय. जुने पासवर्ड आठवतील तेवढे एका कागदावर लिहून काढलेत, अकाउंट साधारण कोणत्या महिन्यात काढलं ते कॉलेजच्या अ‍ॅडमिशनवरून शोधलंय. लॅपटॉप सुरू झाला की मला फोन करायचं ठरलंय, मी दुकानातच असेन.